शेवटच्या ओळीतले मासाळ सर

माझ्या हातून आजवर जे मूर्खपणाचे प्रकार झाले, त्यांची यादी माझ्या नातीला तोंडपाठ आहे. एसटीत सासूबाई समजून मी भलत्याच बाईच्या पाया पडले होते, हा तिचा विशेष आवडता. पण एक मूर्खपणा मी तिला सांगितलेला नाही. तो अर्ध्या मिनिटात उरकला होता. शाळेच्या संगणकावर एक फोल्डर होतं, ते मी पुसून टाकलं. का, तर त्यात माझी अब्रू अडकली आहे असं मला वाटलं. अडकली होती ती दुसऱ्याच माणसाची, आणि मला ते दिसलं नाही. मी तेव्हा चौपन्न वर्षांची अल्लड मुलगी होते.

तो दुसरा माणूस म्हणजे आमचे मुख्याध्यापक, मासाळ सर.

कारेगावच्या पुढे, कारखान्यांच्या कुंपणाला पाठ लावून एक वस्ती आहे. तिचं नाव लिहीत नाही. तिथं जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा. खोल्या दोन आणि शिक्षकही दोनच. तिसरी-चौथी माझ्याकडे, पहिली-दुसरी सरांकडे. निम्मी पोरं गावातल्या शेतकऱ्यांची, निम्मी कंपन्यांत कामाला आलेल्या बिहार-उत्तर प्रदेशाकडच्या लोकांची. मी शिरूरहून जायची. सर मूळचे यवतचे, दौंड तालुक्यातले. आठवडाभर शिरूरला खोली करून राहायचे आणि शनिवारी सकाळची शाळा आटोपली की गावी जायचे.

मुख्याध्यापक म्हटला की खुर्ची आली. सरांच्या खुर्चीवर रजिस्टरं बसायची आणि सर बाहेर पायरीवर. शाळा भरायच्या आधी अर्धा तास ते तिथं बसून येणाऱ्या प्रत्येक पोराचं तोंड बघायचे. हजेरी घेताना नावं पुकारत नसत. वर्गावरून एकदा नजर फिरवायची आणि रजिस्टर भरायचं. मी आपली शिस्तीची. म्हटलं, सर, नावं पुकारावीत, नियम आहे. ते हसले.

"माझा बाप मेंढरं राखायचा, बाई. सांजच्याला वाड्यात घेताना मोजायचा न्हाई, तोंडं बघायचा. म्हणायचा, मोजलं तर मेंढरू हाय का न्हाई एवढंच कळतं. दुखतंय का ते तोंड बघून कळतं."

मी शिरूरला घरी येऊन हे नवऱ्याला सांगितलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. नवीन हेडमास्तर पोरांना मेंढरं समजतात, असं मी चार ठिकाणी बोललेसुद्धा.

ते दिवस मोठे मौजेचे होते. जिकडे तिकडे शाळा 'डिजिटल' होत होत्या. म्हणजे आधी भिंतीवर तसं रंगवून घ्यायचं आणि मग विजेची वाट बघायची. आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष आप्पा गावातलं वजनदार माणूस. त्यांनी एका कंपनीच्या मागं लागून शाळेला भलामोठा टीव्ही आणला होता. कोणी पाहुणा आला की आप्पा त्याला शाळेत घेऊन यायचे, टीव्ही लावायला सांगायचे, पोरं आ वासून बसायची, पाहुणा फोटो काढायचा.

एकदा असेच पाहुणे आलेले. टीव्हीवर कविता चालू होती, हत्ती नाचत होता. सर मागच्या दारानं आले, रिमोट घेतला आणि हत्ती बंद केला. मग पोरांना विचारलं, काय बघितलं रे? सगळी पोरं म्हणाली, हत्ती. कविता कशाची होती? कोणालाच सांगता येईना. ती पावसाची होती.

सर पाहुण्यांना अगदी अदबीनं म्हणाले, "टीव्ही चालू हाय का ते तुमी बघितलं. आता पोरं चालू हायेत का, ते बघून जा की."

पाहुणे हसले. आप्पा हसले नाहीत. ते चहा न घेता गेले, आणि आमच्या गावात चहा न घेता गेलेला माणूस परत येतो तो काही चहासाठी येत नाही.

सरांचा टीव्हीशी दावा नव्हता, हे मला मागाहून कळलं. त्यांनी त्याचा असा काही उपयोग काढला की तो टीव्ही बनवणाऱ्याच्याही स्वप्नात नसेल.

लॉगबुक म्हणून एक वही असते. मुख्याध्यापकानं शिक्षकाचा पाठ बघायचा आणि तिच्यात शेरा लिहायचा. माझ्या आयुष्यातले सगळे मुख्याध्यापक "अध्यापन समाधानकारक, सूचना दिल्या" एवढंच लिहीत आले. त्यातले निम्मे माझ्या वर्गात आलेही नव्हते. मी इतकी समाधानकारक होते की पाठ टाचण जुन्याच वहीतून उतरवून काढायची.

मासाळ सर मात्र खरोखर आले. आपल्या पोरांना गटात कामाला लावून माझ्या वर्गात शेवटच्या ओळीत पोरांच्या सतरंजीवर मांडी घालून बसले. मी त्या दिवशी ठेवणीतली इरकल नेसून गेले होते आणि आवाजही ठेवणीतलाच काढला होता. पाठ संपल्यावर म्हटलं, कसा झाला? तर म्हणाले, "तुमी शिकवलं ते समद्या गावाला ऐकू गेलं. शिकलं कोन ते काय कळलं न्हाई." आणि लगेच म्हणाले, राग मानू नका, माझंही तेच होत असणार. पण आपलं आपल्याला दिसत नाही. म्हणून आपण फोनवर काढून बघू.

मी साफ नाही म्हटलं. या वयात कोण स्वतःचं चित्र काढून घेणार?

"तुमचं काढायचं न्हाई. पोरांची तोंडं काढायची. आन् आधी माझ्या वर्गातली, तुमीच काढा."

असं म्हणून काचेला तडा गेलेला फोन त्यांनी माझ्या हातात दिला. मी त्यांच्या वर्गात कोपऱ्यात उभी राहून तीन मिनिटं पहिलीच्या पोरांचे चेहरे टिपले. शनिवारी पोरं गेल्यावर आम्ही ते टीव्हीवर लावलं. सर वजाबाकी शिकवत होते. पडद्यावर सर नव्हतेच, नुसता त्यांचा आवाज आणि वीसेक तोंडं. एक पोरगं झोपलं होतं. दोघं एकमेकांच्या कानात काडी घालत होते. पहिल्या ओळीतलं एक सरांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होतं आणि त्याच्या पाटीवर काहीही नव्हतं. मला हसू आवरेना. सरही हसले, मग तेच परत लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर म्हणाले, "सात वरसं मी ह्ये असंच शिकवतोय, बाई." सोमवारी त्यांनी वजाबाकी चिंचोक्यांवर घेतली आणि स्वतः बोलले जवळजवळ नाहीच.

जो हेडमास्तर आधी स्वतःची फजिती दाखवतो त्याला नाही कसं म्हणायचं? मग माझ्या वर्गाची पाळी आली.

सरांचा नियम होता. बघताना मास्तरावर बोलायचं नाही, फक्त पोरावर बोलायचं. आणि लॉगबुकात शेरा न लिहिता एकच प्रश्न लिहायचा. माझ्या पहिल्या व्हिडिओखाली त्यांनी लिहिलं, "ओढा हा शब्द आल्यावर रिंकी कुठे गेली?" रिंकी बिहारची, तिसरीतली, मोठ्या डोळ्यांची मुलगी. पडद्यावर दिसत होतं. धडा सुरू झाला तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. ओढा आला, काठ आला, लव्हाळे आले, आणि तिच्या चेहऱ्यावर कोणीतरी पडदा ओढल्यासारखं झालं. पुढची दोन मिनिटं ती वर्गात नव्हती.

मी चिडले. ते सरांवर काढता येईना म्हणून रिंकीवर काढलं. पुढच्या पाठाला, सर मागं फोन घेऊन बसलेले असतानाच, तिला काही येईना तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "तुमच्यासारख्यांनी शाळेत यायचं तरी कशाला?"

शनिवारी टीव्हीवर तोंडं दिसली आणि आवाज माझा आला. रिंकीला त्यातलं मराठी किती कळलं कोण जाणे, पण 'तुमच्यासारख्यांनी' एवढं कळलं असावं. तिनं आपली ओढणी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. सरांनी टीव्ही बंद केला. लॉगबुकात त्या दिवशी प्रश्न नव्हता. नुसती तारीख.

मी सोमवारी वर्ग घेऊन कारखान्यामागच्या ओढ्यावर गेले. त्यात अर्धं पाणी, अर्धा प्लास्टिकचा कचरा; पण ओढा तो ओढाच. रिंकी म्हणाली, "ये तो नाला है, बाई." मी म्हटलं, हो ग बाई, हाच तो. ती इतकी हसली की मलाही हसू आलं. तिथून माझं शिकवणं बदललं. अपूर्णांक मी भाकरीवर शिकवले, भाकरी मोडून वाटली, आणि सोनाली नावाची एक कायम मान खाली घालून बसणारी मुलगी पाव भाकरी हातात घेऊन एकदम वर बघून हसली. त्या शनिवारी लॉगबुकात प्रश्न होता, "सोनालीचे डोळे कशाने चमकले?" तीस वर्षांच्या नोकरीत मला मिळालेलं तेवढंच प्रशस्तिपत्र.

फोनमध्ये जागा नसायची. म्हणून दर शनिवारी सर ती चित्रं शाळेच्या संगणकात उतरवून फोन रिकामा करायचे. फोल्डरचं नाव होतं 'तोंडं'. संगणकाचा चार्ज माझ्याकडे, कारण संगणकाच्या सक्तीच्या परीक्षेचं सर्टिफिकेट मी पहिल्या झटक्यात मिळवलं होतं.

वर्ष संपत आलं आणि निरोप आला की उद्या मोठे साहेब डिजिटल शाळा बघायला येणार, संगणकही बघणार. साहेबांनी 'तोंडं' उघडलं आणि त्यांना माझं ते वाक्य ऐकू आलं तर? नोकरीची चार वर्षं राहिलेली. सर वर्गात होते. मी ती एकच फाइल शोधायला बसले, पण फाइलींना नावं नव्हती, नुसते आकडे. शिपायाकडून पाणी मागवण्याइतक्या सहजपणे मी अख्खं फोल्डरच पुसलं. मग कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, कारण परीक्षेत त्याला दोन गुण होते आणि मी शिकलेलं विसरणारी विद्यार्थिनी नव्हते.

साहेब आलेच नाहीत. त्यांना दुसरीकडे उशीर झाला.

शनिवारी सरांना सांगितलं, व्हायरस आला, सगळं गेलं. त्यांनी संगणक बंद केला. मग म्हणाले, "जाऊ द्या. पोरं तर हायेत." आणि पायरीवर जाऊन बसले. परीक्षा तोंडावर होत्या, त्यामुळे त्यानंतर नवं काही काढलं नाही.

महिन्याभरात आप्पांचा अर्ज गेला. मुख्याध्यापक मोबाईलवर मुलींचं चित्रीकरण करतात, अशा आशयाचा. अर्जातला एकही शब्द खोटा नव्हता, हीच त्याची करामत. तालुक्याहून चौकशीला साहेब आले, तसे समंजस वाटणारे. त्यांनी सरळ सांगितलं, व्हिडिओ दाखवा, आत्ता विषय मिटवतो.

सरांनी फोन दिला. रिकामा. संगणक उघडला. फोल्डर नव्हतं.

मग साहेबांनी लॉगबुक मागवलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. रिंकी कुठे गेली. सोनालीचे डोळे कशाने चमकले. कविता सुरू असताना पूजा का लाजली. खोलीत आप्पा होते, समितीचे दोघं होते. ज्या प्रश्नांनी मला शिकवायला शिकवलं, ते त्या आवाजात असे काही ऐकू आले की आप्पांनी मान खाली घातली. आणि मला वाटतं, ती नाटकी नव्हती. मुलग्यांची नावंही वहीत होती, पण ती कोणी वाचली नाहीत.

साहेब माझ्याकडे वळले. संगणक तुमच्याकडे होता ना, बाई? काय होतं त्या व्हिडिओंत?

मला सगळं माहीत होतं. निम्मी चित्रं मी माझ्या हातानं काढली होती. भाकरी म्हटलं असतं, ओढा म्हटलं असतं, तरी पुरलं असतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, पुसलं कोणी आणि का. मी पदर सावरला आणि म्हणाले, मी काही नीट पाहिलेलं नाही, साहेब.

सरांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. सकाळी पायरीवर बसून एखाद्या पोराकडे बघायचे तसं, कुठं दुखतंय ते शोधल्यासारखं. मग साहेबांना म्हणाले, "बाईंचा काई संबंध न्हाई. फोन माझा हाय."

रिंकीच्या आईला कोणी बोलावलं नाही. ती आपणहून आली होती, कामाची पाळी सोडून, फाटकापाशी उभी होती. तिचं हिंदी ऐकून घ्यायला कोणाला सवड नव्हती, आणि मी तिच्यासमोरून मान वळवून गेले.

दोष सिद्ध झाला नाही, असा कागद निघाला. त्याच कागदात बदलीही होती, दूर घाटाकडच्या तालुक्यात, साधे शिक्षक म्हणून. निरोप समारंभ झाला नाही. सरांनी जायच्या दिवशी खिचडी नेहमीसारखी पोरांच्या रांगेत सगळ्यांत शेवटी उभं राहून घेतली, ताटली धुतली आणि गेले. मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडे आला. मी खुर्चीवरची रजिस्टरं खाली ठेवली आणि बसले. पुढची चार वर्षं मी बरं शिकवलं. हे लिहितानाही लाज वाटते, पण खरंच बरं शिकवलं. ते त्यांचंच होतं.

त्यांच्याबद्दल उडत उडत कानावर यायचं. तिकडच्या शाळेतही ते मोकळ्या तासाला दुसऱ्याच्या वर्गात शेवटच्या ओळीत जाऊन बसतात म्हणे. पण हात पाठीमागं बांधून. फोन त्यांनी वापरायचा सोडला होता. तिथल्या एका तरुण शिक्षकानं स्वतःच्या फोनवर पोरांचे चेहरे काढून त्यांना दाखवायला आणले, तर उठून बाहेर गेले. अर्ज मात्र त्यांच्या आधी तिथं पोचला होता. अर्जांना एसटी लागत नाही. यवतलाही तो पोचला असणारच, सोयऱ्याधायऱ्यांत, लग्नकार्यांत. मी तो विचार फार वेळ करत नसे.

आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो. मी दौंडला लेकीकडे राहायला आले. डोळ्यांच्या उपचारासाठी महिन्याला पुण्याला जावं लागतं आणि दौंडहून पुण्याची एसटी यवतला थांबते. दर वेळी मी ठरवायची, आज उतरायचं. कधी ऊन असायचं, कधी डॉक्टरची वेळ असायची, कधी नुसती पिशवी जड असायची. बहाण्यांच्या बाबतीत मी अजूनही समाधानकारक आहे.

एकदा ते दिसले. हायवेच्या कडेला भाजीच्या गाड्यापाशी उभे होते. वाळले होते, सदऱ्याच्या खांद्यांत माणूस उरला नव्हता. आमची एसटी थांबली आणि त्यांनी सवयीनं मान वर करून पहिल्या खिडकीपासून एकेक चेहरा बघायला सुरुवात केली. माझी खिडकी चौथी होती. मी खाली वाकून चप्पल शोधू लागले, पायातच असलेली. वर बघितलं तेव्हा गाडी ढाब्यांच्या पुढे निघून आली होती.

गेल्या वर्षी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा फोटो आला, खाली जोडलेले हात. बघता बघता पन्नास जणांनी हात जोडले. मीही जोडले. त्याला काही लागत नाही, अंगठा लागतो.

महिन्यानं मी यवतला उतरले. घर विचारत गेले. दोन खोल्या, पुढं ओसरी, ओसरीवर बाज. त्यांच्या पत्नी शेंगा फोडत बसल्या होत्या. मी नाव सांगितलं. त्यांनी ओळखलं, बसा म्हणाल्या, पाणी दिलं. मी बाजेवर न बसता खाली त्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं. फोल्डर मी पुसलं. व्हायरस नव्हता. साहेबांनी विचारलं तेव्हा मला सगळं माहीत होतं आणि मी बोलले नाही. चित्रांत वाईट काही नव्हतं, पोरं शिकतात कशी ते होतं, आणि निम्मी मीच काढली होती. इतक्या वर्षांत इतकं सरळ मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही.

त्या ऐकत होत्या. शेंगा फोडणं थांबलं नव्हतं. माझं संपल्यावर त्यांनी सुपातली टरफलं एका बाजूला सारली, माझ्याकडे बघितलं आणि आवाज जराही न चढवता म्हणाल्या,

"बाई, ह्ये मला सांगून आता काय व्हायचं? तीन वरसं ते हितंच बसून हुते की."